बाबी मेस्त्रींचा हात चुकला नव्हता

बाबी मेस्त्री गेल्याचं मला चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळचा दुसरा चहा चालला होता. फोन एकदा वाजला, दोनदा वाजला, मग वाजतच राहिला. उघडून बघतो तर जोडलेल्या हातांची ही रांग लागलेली. आम्हा चाळकऱ्यांना हल्ली दुःख करायला एक अंगठा पुरतो. त्या रांगेत तळमजल्यावरच्या एकाने लिहिलं होतं, 'देवमाणूस. आपली चाळ उभी आहे ती मेस्त्रींमुळे. शेवटी शेवटी बिचाऱ्यांचा हात चुकला, पण वयापुढे कुणाचं चालतं?' त्यावर आठ-दहा जणांनी माना डोलावल्या होत्या. मी लिहायला घेतलं, 'हात चुकला नव्हता'... आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढं टाकून फोन उपडा ठेवला. बायको म्हणाली, "बस, एवढंच?" मी तिच्यावर खेकसलो. मी खेकसलो की चूक माझी असते, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालंय. ती कप उचलून आत गेली.

आमची चाळ लालबागची, तीन मजली, आणि प्रत्येक मजल्याला चहूबाजूंनी लाकडी गॅलरी. बाहेरच्यांना ती गॅलरी वाटते. आमचं अर्धं घर तीच. कपडे तिथे वाळायचे, म्हातारी माणसं तिथे बसायची, पोरांची पहिली पावलं तिथेच पडायची. या गॅलरीची निगा तीस वर्षं एकाच माणसाने राखली. बाबाजी मेस्त्री, सगळ्यांचे बाबी मेस्त्री. मूळचे मालवणकडचे, राहायला डिलाईल रोडला. अंगाने काटकुळे, कानावर पेन्सिल, आणि बोलणं इतकं हळू की भांडायला आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. दर वर्षी पावसाआधी ते न बोलावता यायचे आणि तिन्ही मजल्यांवरचा एकेक खांब, एकेक कठडा हाताने हलवून बघायचे. कुठे काम निघालं तर आधी दारोदार जाऊन विचारायचे. जोशीकाकू दुपारी झोपतात ना, मग त्यांच्या दारासमोरची ठोकाठोक चारनंतर. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाला संडासला वारंवार जावं लागतं, सगळं त्यांना ठाऊक. फळ्या उखडल्या की आधी जाण्यायेण्यापुरती भक्कम वाट करायचे, तिला दोर बांधायचे, मगच कामाला हात. आणि संध्याकाळी निघताना दोरीला बांधलेलं लोहचुंबक गॅलरीभर ओढत न्यायचे. "पोरां अनवाणी धावतत," म्हणायचे. एवढ्या वर्षांत आमच्या एकाही पोराच्या पायात खिळा गेला नाही.

काम झालं की त्यांची परीक्षा ठरलेली, आणि ती बघायला आख्खी चाळ जमायची. नव्या फळ्यांवर आम्हा सगळ्यांना उभं करायचे आणि स्वतः बरोबर त्या भागाच्या खाली जाऊन उभे राहायचे. हात मागे बांधून. "तुमी सगळे वर उभे ऱ्हवा, मी हय खाली ऱ्हवतंय." आमच्या शेजारच्या राणेवहिनी चांगल्या भारदस्त. त्या पुढे सरसावल्या की पोरं ओरडायची, "मेस्त्री, पळा पळा, राणेकाकू आल्या!" राणेवहिनी हसत हसत एक उडीसुद्धा मारायच्या. खालून मेस्त्री म्हणायचे, "वैनीनू, आणखी एक मारा." मी एकदा विचारलं होतं, हा कसला जिवावरचा खेळ? म्हणाले, "परबांनू, माझ्या डोक्यावर पडाची भीती आसली म्हणजे मी खिळो सरळ मारतंय." 

त्यांची आणि आमची तक्रार एकाच गोष्टीवरून व्हायची. ते दोन फळ्यांच्या मधे रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट सोडायचे. वरच्यांनी केर काढला की तो त्या फटीतून खालच्यांच्या डोक्यावर. त्यावरून आमच्या चाळीत जी भांडणं झाली आहेत, त्यांचं नावच काढू नका. मग लोकांनी शक्कल लढवली. आपापल्या दारापुढे फळ्यांवर सिमेंट घालून वर चकचकीत लादी बसवायची. केर पडत नाही, पुसायला सोपं, दिसायलाही झकास! मेस्त्री हवालदिल झाले. मी तेव्हा चाळ कमिटीचा सेक्रेटरी. माझ्याकडे येऊन हात जोडून म्हणाले, "लाकडाक वारो लागाक व्हयो. लादीखाली पाणी शिरला की ता बाहेर येणा नाय. वरसून सगळा चकचकीत दिसतला, खाली लाकूड कुजत ऱ्हवतला." त्यांचं म्हणणं मला पटलं. मी माझ्या सहीची नोटीस जिन्यात लावली, 'गॅलरीत कुणीही लादी बसवू नये.' दोघांनी बसवली होती, त्यांना भांडून काढायला लावली. मोठा शूर होतो मी.

आणि वर्षभरात मीच बसवली. माझ्या थोरल्याचं लग्न ठरत होतं. मुलगी दादरची, ब्लॉकमध्ये वाढलेली. तिच्या घरचे पहिल्यांदा यायचे होते. मला त्या काळपट फळ्यांची लाज वाटायला लागली. ज्या फळ्यांवर मी रांगलो, माझा बाप खुर्ची टाकून बसला, त्यांची लाज! मेस्त्री गावी गेल्याचं बघून दोन दिवसांत काम उरकलं. कमिटीतले गप्प बसले, कारण सेक्रेटरीला बोलणार कोण? पाहुणे आले, चहा-पोहे झाले, लग्न जमलं. लादीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मेस्त्री गावाहून आले तेव्हा माझ्या दाराशी थांबून खाली बघत राहिले. म्हणाले, "परबांनू, नोटिशीवर सही तुमचीच ना?" मला असा राग आला! म्हटलं, "मेस्त्री, दार माझं आहे. तुम्ही सुतारकीचं बघा." ते जायला वळले. मलाच कसंनुसं झालं, म्हणून पुढे बोललो, "लग्न होऊ दे, काढतो." लग्न झालं. नातही झाली. लादी तशीच राहिली.

सहा वर्षांपूर्वी पावसाआधी मेस्त्री नेहमीसारखे आले. पहिल्या मजल्यावर माझ्या दारासमोरचा कठड्याचा खांब हलवून बघायला म्हणून त्यांनी कठड्यावर भार दिला, बाहेर जरासे वाकले, खांब बुंध्याशी मोडला आणि ते कठड्यासकट खाली गेले. खालच्या पत्र्यावर आपटले म्हणून जीव वाचला. खुब्याचं हाड मात्र मोडलं. आख्खी चाळ खाली धावली. मीही धावणार होतो... पण माझी नजर खांबाच्या बुंध्यावर गेली. वीतभर तुकडा लादीच्या कडेला उभा होता. आत काळा ठिक्कर, भिजलेल्या पावासारखा, बोट लावलं की भुगा. आणि त्याला चिकटलेलं सिमेंट माझ्या लादीचं. मला एका क्षणात सगळं कळलं. खाली लोक मेस्त्रींना उचलून टॅक्सीत घालत होते, कुणीतरी "पाणी आणा, पाणी आणा" ओरडत होतं. मी तो तुकडा उपटला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मागच्या जिन्याने जाऊन गल्लीच्या टोकाला कचऱ्यात टाकून आलो. मग हॉस्पिटलात गेलो. त्यांच्या उशाशी बसलो, फळं नेली, सगळं केलं. फक्त जे सांगायचं होतं तेवढं सोडून.

काही महिन्यांनी, मोडक्या कठड्याच्या जागी अजून बांबूच बांधलेला असताना, कमिटीची मीटिंग झाली. खांब मेस्त्रींनीच बसवलेला, मोडलाही त्यांच्याच हाताखाली. लोक म्हणाले, सांधा नीट बसला नसणार, वय झालं, आता दुसरा माणूस बघायला हवा. एकाने तरी विचारावं ना, खांबाचा बुंधा कुठे गेला म्हणून! कुणी विचारलं नाही. मेस्त्री वॉकर घेऊन आले होते, भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. ठराव मी वाचून दाखवला. 'वयोमानामुळे कामात त्रुटी राहत असल्याने...' अक्षर माझं, भाषा माझी. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरां. तुमका बरा वाटात ता करा." तीस वर्षांचा हिशोब त्यांनी तेवढ्यात मिटवला. ही बातमी लालबागातून परळला आणि परळहून डिलाईल रोडला पोहोचायला कितीसा वेळ लागणार? ज्याचा स्वतःचा खांब मोडला, त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

त्या मीटिंगनंतर मी तोंड लपवून बाजारात निघून गेलो. परत आलो तर माझ्या दारासमोर लादीवर खडूची जाड रेघ. बायकोने सांगितलं, मेस्त्री वॉकर घेऊन एकेक पायरी चढत वर आले होते. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीला खडू बांधून रेघ ओढली. तिला म्हणाले, "वैनीनू, ह्या रेषेच्या पलीकडे पाय घालू नकात. कपडे हयसून वाळत घाला. आणि परबांका सांगा, लादी काढूक." दुसऱ्या कशाबद्दल अवाक्षर नाही. मी त्याच आठवड्यात लादी काढली. लोकांना सांगितलं, रंग मनातून उतरला. खाली तुळईचं टोक इतकं गेलेलं होतं की नव्या सुताराने कपाळाला हात लावला. माझी बायको रोज सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन तिथेच उभी राहायची. ज्याला मी भरसभेत निकामी ठरवलं, तो तासाभराच्या आत माझ्या घरचं माणूस वाचवून गेला. बायकोने तेव्हा एवढंच विचारलं, "त्यांना कळलं होतं ना हो?"  

लालबाग ते डिलाईल रोड अंतर ते काय! पण सहा वर्षांत मला ते चालवलं नाही. दर गणपतीत ठरवायचो, या वर्षी जायचं. मग वाटायचं, आता एवढी वर्षं झाली, जुनं कशाला उकरायचं... आपल्या भित्रेपणाला माणूस किती शहाणी नावं देतो! गेलो तो त्यांचं कार्य होऊन गेल्यावर, एका रविवारी. सुलभावहिनी, त्यांच्या पत्नी, दारातच गहू निवडत बसल्या होत्या. आत भिंतीवर मेस्त्रींचा फोटो. मी बसलो आणि आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. लादी, बुंधा, वर्तमानपत्र, सगळं. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "माका म्हायत आसा. हॉस्पिटलातच सांगितल्यानी माका. त्यांच्या हाताक कुजलेल्या लाकडाचा काळा लागला होता. म्हणाले, तू कोणाक काय बोला नको, दिलीप तापट आसा, भांडाक जायत. परब स्वतः येवन सांगतलो." जरा थांबून त्या म्हणाल्या, "लय दिवस वाट बघल्यानी तुमची."

त्यांचा मुलगा दिलीप आतल्या दाराशी उभा होता. वडाळ्याला फर्निचरच्या कारखान्यात काम करतो, बापासारखाच काटकुळा. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरायला हवी होती. पण तो समोर येऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "काका, मी त्यांची हत्यारं पोटमाळ्यावर टाकली होती. परत कुठे चढतील नि पडतील म्हणून. शेजारच्यांचं दार घासत होतं, तर त्यांनी रंधा मागितला. मी सगळ्यांसमोर ओरडलो. म्हटलं, तुमच्या हाताचा भरवसा राहिला नाय आता." त्याचा आवाज फुटला. "ते तसेच आत गेले. परत कधी रंधा मागितला नाय." वहिनींनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.  मी एका सुताराचं नाव घालवलं एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्या पोराच्या तोंडून त्याला काय ऐकावं लागलं, ते मला त्या दिवशी कळलं.

दिलीपने डोळे पुसले. म्हणाला, "चाळीत सांगणार?" म्हटलं, "सांगतो. लिहून सांगतो, सगळ्यांना वाचता येईल असं." तो म्हणाला, "नाव घालून लिहा. तुमचं." म्हणून हे लिहिलंय. मी, परब, पहिला मजला. खांब माझ्या लादीने कुजवला, बुंधा मी फेकला, ठराव मी लिहिला. बाबी मेस्त्रींचा हात चुकला नव्हता.

निघताना बाहेर आलो. त्यांचीही चाळ जुनी, लाकडीच गॅलरी. चप्पल घालताना आधाराला म्हणून हात कठड्याकडे गेला, आणि अर्ध्यातच थांबला. मागून दिलीपचा आवाज आला.

"टेका, काका. बिनधास्त टेका. तो बाबांनी केलाय."

मी सगळा भार टाकून टेकलो. कठडा तसूभरही हलला नाही.