समईतलं फूल

गुरुवारी दुपारी दोन वाजता आमच्या सभागृहाला आग लागली. पाच महिन्यांनी आप्पा गेले.

आप्पा म्हणजे माझे वडील. डोंबिवली पूर्वेच्या त्या सभागृहाची व्यवस्था त्यांनी एकतीस वर्षं पाहिली. मी शाळेत इतिहास शिकवते. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही ही सवयच. लोकांचे गूढ अनुभव वाचायचे, पण विश्वास... नव्हता.

कार्यक्रम संपला की मंचावरची समई आप्पा स्वतः शांत करत. फुंकर कधीच नाही. घरून नेलेल्या दुधात शेवंतीचं फूल बुडवून एकेका ज्योतीवर टेकवायचे, मग ते फूल समईतच ठेवून निघायचे.

त्या दिवशी सकाळी बक्षीस समारंभ होता. आग मंचाच्या पडद्यापासून लागली. पंचनाम्यात लिहिलं होतं – समई आडवी पडलेली, तेल सांडलेलं.

"आप्पा, जेवायला पळायची घाई झाली असेल," समितीतले एक काका चारचौघांत हसत म्हणाले.

"मी दिवा शांत केला होता." आप्पा एवढंच बोलले.

घरी आल्यावर मीही विचारलं, "आप्पा, नक्की ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

वर्षभराने दुरुस्ती ठरली आणि सभागृहाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. जुने फोटो मिळतात का पाहायला सकाळी अकराला गेले. कंत्राटदाराचे मुकादम साळवी यांनी माझ्यासमोर कुलूप काढलं. जमिनीवर राखेचा आणि वर्षभराच्या धुळीचा थर होता, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मंचावर समई उभी होती. नुकत्याच शांत केलेल्या वातीचा वास येत होता.

"मॅडम, पूजा करून गेलं का कोणी?"

"चावी तुमच्याकडेच होती ना?"

"तेच तर म्हणतोय."

पाचही वाती तेलात होत्या. वर शेवंतीचं फूल... पिवळं, ताजं. मी बोट लावलं. दूध होतं.

साळवींनी चपला काढल्या.

कोणीतरी ठेवलं असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण राखेचं काय, ते सुचत नाही. इतिहासात आगीचं कारण 'अज्ञात' असं लिहिलं. आप्पांना विचारलेला प्रश्न मात्र परत घेता येत नाही.

समई आता आमच्या घरी आहे. फूल चार दिवसांत वाळलं.