रजेतले महिने कोरे कसे?

सत्तावीस वर्षं एका कारखान्यात पगारपत्रकं करत असल्यामुळे आमच्या घरात मला कायदेपंडिताचा मान आहे. तो मी आजवर कायदा न वाचता टिकवला आहे.

भाची मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. बाळंतपणासाठी सक्करदऱ्याला आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे आलेली. मी बाळ बघायला गेलो होतो. डिंकाचे लाडू हे दुय्यम कारण. दोन महिन्यांची लेक मांडीवर घेऊन ती मोबाइलमध्ये पीएफचं पासबुक बघत होती.

"मामा, रजेचा पगार येऊन राहिला, पण पीएफ भरलाच नाही. दोन्ही महिने कोरे."

"रजेवर आहेस ना वं! कंपनी काहून भरन?" मी लाडू उचलत निकाल दिला.

"पगार देते, तर त्यावरचा पीएफ काहून नाही? हे महिने माह्या पेन्शनमधून गेले तर?"

"अन् कंपनीले विचारलं अन् नोकरीच गेली तर?" स्वयंपाकघरातून बहीण.

भाचीनं माझ्याकडेच मोर्चा वळवला. "तुमच्या ऑफिसात बाया बाळंतपणाले गेल्या का तुम्ही काय करता?"

मी लाडू ताटलीत परत ठेवला. आमच्याकडे हजेरीच्या मशीनवर अंगठा नाही, तर पीएफच्या तक्त्यात तो दिवस नाही. माझ्या आधी पगारपत्रकं करणारे तसंच करायचे, म्हणून मीही. आजवर किती जणींचे महिने मी असे पुसले असतील!

बाळाला थोपटत तिनं एका हातानं कंपनीला ईमेल लिहिला. मी सुचवलेलं "आपली कृपाभिलाषी" तिनं खोडलं. चारच ओळी, कुठे राग नाही, विनवणीही नाही. आठवड्यानं उत्तर आलं: चूक झाली, दोन्ही महिन्यांचा भरणा करतो, पुढचेही भरू.

मी असतो तर पेढे वाटले असते. तिनं लगेच दुसरा ईमेल टाकला, कंपनीतल्या, बाळंतपणाच्याच रजेवर असलेल्या आणखी दोघींसाठी.

"तुह्यं झालं ना आता, कायले उठाठेव?" बहीण कुरकुरली.

"त्याईले लेकरापायी पाहाले फुरसत नसन वं, आई."

सोमवारी मी जुनी हजेरीपत्रकं काखेत मारून साहेबांच्या केबिनकडे निघालो. दोनदा दारातून परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"माझी चूक झाली," मी म्हणालो आणि पहिल्या बाईचं पान उघडलं.