कौसीचं आभाळ

कौसी गेल्याचं तिच्या भावाकडून कळलं. धाडच्या बाजारात तो मला शोधत आला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, कौसी गेली... तीनच दिवस ताप होता." मी हातातली वांगी परत टोपलीत ठेवली. चारचौघांत मला बोलताच येत नाही, हे तिला ठाऊक होतं. दीड महिना झाला, आता लिहून ठेवते.

माहेरी, अमडापूरला, आम्ही दोघी शेजारी. अशाच एका तापात लहानपणी तिचा उजवा पाय लुळा पडला. आम्ही पोरं राज्याचा खेळ खेळायचो. मी राणी, बाकीचे लुटारू, गावाबाहेरची टेकडी म्हणजे राक्षसाचा डोंगर. "लंगडे, तू काय होशीन?" असं एकाने चिडवलं, तर ती ओट्यावरून म्हणाली, "मी आभाळ होते." तेव्हापासून ती म्हणेल ते हवामान. पाऊस म्हणाली की पायांना काळी माती चिकटल्यासारखं जड चालायचं. गारा म्हणाली की झाडाखाली पळायचं, उघड्यावर सापडला तो मेला. धुकं म्हणाली की हातभर पलीकडचं दिसत नाही असं धरायचं. एकदा लुटारूंनी तिला ओंजळभर बोरं दिली. तिने ती सगळी खाल्ली आणि त्यांच्यावरच गारा पाडल्या. "बोरं गोड होती बे," एवढंच म्हणाली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी माझं लग्न झालं, मी धाडला आले. पहिल्याच महिन्यात तिचं कार्ड... "वारा सुटला आहे. राणी कुठवर आली?" दोघीही चौथीपर्यंत शिकलेल्या, तेवढं पुरलं. हवामान ती लिहायची, राणीने काय केलं ते मी. डोंगरापलीकडे राणीचं राज्य होतं. तिथे पोचायचं, एवढाच खेळ.

कार्ड उघडं असतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. एकदा टपालवाल्या काकांनी ओसरीवर मोठ्याने वाचलं, "गारपीट झाली. राणीचा घोडा मेला." सासूबाई चूल सोडून धावत आल्या.

"कोणाचा घोडा मेला वं पोरी? भाकरी बांध, भेटून येऊ!"

मग मला सगळं सांगावंच लागलं.

"म्हंजे, खोटाच घोडा?"

"हाव, आत्याबाई."

त्या चुलीकडे वळल्या आणि अर्ध्यातूनच परत आल्या. "मंग तिले दुसरा काऊन नाही देत? एवढा डोंगर पायी चढन का ते?"

मी तसं लिहिलं. उत्तर आलं, "आभाळ घोडे देत नाही. चाल."

तिचा भाऊ भेटून गेल्यावर दोन दिवसांनी तिचं शेवटचं कार्ड आलं. तापात लिहिलेलं, अक्षर वाकडं. "दाट धुकं." धुकं पडलं की ती 'ऊन' म्हणेपर्यंत आम्ही बसून राहायचो.

"आता तूच लिव्ह ना, ऊन पडलं म्हणून," सासूबाई म्हणाल्या. लिहिता आलं असतं. पण आभाळ माझं नव्हतं. राणीला तसंच बसवून ठेवणंही मला जमेना... किती दिवस हाच विचार केला. धुक्यात हातभर तर दिसतं. बसून राहायची सवय आमची होती, चालू नका असं ती कधीच म्हणाली नव्हती.

परवा कार्ड लिहिलं. पत्ता तिचाच. टपालवाले काका ते हातात घेऊन थबकले.

"कौसाबाई तर... हे आता कोणाले पोचवू, बाई?"

"तुम्ही टाका, काका," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला असावा, सासूबाई बाहेर आल्या.

काकांनी वाचलं, "धुकं आहे. राणी उठली. हातभर चालली."

आता दर सोमवारी एक कार्ड टाकणार आहे. राज्य लांब आहे, पण राणी थांबायची नाही.