नडगीतली ढलपी

वाघजाईनं मला पदरात घेतलं का न्हाई, ह्ये मला अजून ठावं न्हाई. पर नडगीवरचा वण दिसला की मान आपसूक खाली जाती.

आमचं गाव कुरवंडं. तवा मी मोळ्या घिऊन लोणावळ्याला सायबांच्या बंगल्यांवर जायची. आमच्याकडं वाघजाई देवीच्या राईतलं वाळलं काटूक बी कुनी उचलत न्हाई. शिमग्याच्या आदी एका सकाळी लांब डोंगरात जायाचा कटाळा आला, न् मी राईत शिरले. हिरवी फांदी तोडताना कोयता निसटला, त्यो फांदी छाटून तसाच नडगीत बसला. चिंधी बांधून मोळी तशीच नेली. घरी सांगितलं, बांधावर गवत कापताना लागलं.

दोन दिसांनी गुरवाला तुटकी फांदी दिसली. गावकी बसली, राईकडं कोन गेलं व्हतं म्हनून इचारलं. मी म्हनले, "आमची आक्का." आक्का म्हंजी माजी थोरली जाऊ. पोर न्हाई, नवरा मुंबईला गिरनीत गेला त्यो परत आलाच न्हाई. तिच्या बाजूनं बोलाय कुनी न्हाई, म्हनूनच तिचं नाव माज्या तोंडी आलं. रोज सकाळी वाघजाईला पानी घालायचा तिचा मान व्हता, त्यो गावानं काढून घेतला.

माजी जखम काय भरंना. वरनं खपली धरायची, आठ दिसांत परत पू. हळद झाली, दगडीपाला झाला, आख्खा पावसाळा गेला. आनि रोज निंबाच्या पान्यानं ती धुवायची कोन, तर आक्का. मी तोंड फिरवून बसायची. लोकांला वाटायचं, दुखतंय.

भातं कापनीला आली तवा एक म्हातारी धनगरीन दारात पानी प्यायला थांबली. कुटली, काय, मी इचारलंच न्हाई. माजा पाय बगून खाली बसली. अंगठ्यानं दाबत म्हनली, "आत कायतरी ऱ्हायलंय गं. त्ये निगाल्याबिगर कशी बुजंल?" बाभळीच्या काट्यानं उकरून तिनं लाकडाची ढलपी काढली, न् पानी पिऊन वाटंला लागली.

आक्का ढलपी तळव्यावर घिऊन बसली. गवतात लाकूड कुटनं यायचं? माज्यानं ऱ्हावलं न्हाई. म्हनले, "आक्का, राईत मीच शिरले व्हते."

"ठावं हाय. तुजी मोळीखालची चुंबळ तितं पडली व्हती. गुरवाच्या आदी मीच उचलली."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून थांबले. लय येळ लावलास."

दुसऱ्या दिशी लंगडत गावकीफुडं गेले, आक्काकडनं घेतलेली चुंबळ भुईवर ठिवली न् समदं सांगितलं. आक्काचा मान परत मिळाला. पाय म्हैन्याभरात बुजला. आक्का माज्याशी पयल्यावानी बोलाया लागंस्तवर मातुर आनकी दोन पावसाळं गेलं.

ती धनगरीन परत कुनाला दिसली न्हाई. ती कोन, ह्ये मी ठरवीत न्हाई. आली, येवढं पुरं. मी लपवाय झटत व्हते तवर कायच बरं झालं न्हाई. समदं कबूल करून देवीच्या पायावर टाकलं, मंग तिनं तिच्या येळंनं सावरलं.

आक्का गेल्यावर पानी घालायचा मान गावानं माज्याकडं दिला. मी पयलं पानी आक्काच्या नावानं घालते, मंग माज्या.