सास चालू हाय का

सातवीचा तास चालू होता तेव्हा वहिनीचा फोन आला. कापूस वेचणीच्या दिवसांत ती दुपारी वावरात असते आणि वावरातून कधीच फोन करत नाही. म्हणून पोरांना धडा वाचायला सांगून मी व्हरांड्यात आले.

"ताई, यायच्या नंबरवरून फोन आला," ती म्हणाली. "पण हे नाही बोलून राह्यले. दुसराच माणूस हाय. हिंदीत बोलते. मले काही समजलं, काही नाही. तुम्ही लावून पाहा ना."

'हे' म्हणजे माझा मोठा भाऊ. दादा ओमानमध्ये पाण्याचा टँकर चालवायचा. आमचं गाव केळापूरच्या पलीकडे, हैदराबाद रोडपासून थोडं आत. तिथून आदिलाबाद जवळ, आणि तिकडची माणसं वर्षानुवर्षं आखातात कामाला जातात. त्यांच्याच ओळखीनं दादा गेला होता. घरी माय, बाबा, वहिनी आणि दादाची लहान पोरगी. मी लग्न होऊन यवतमाळला, शाळेत शिकवते.

मी दादाचा नंबर लावला. पलीकडचा माणूस कंपनीच्या कॅम्पमध्ये त्याच्याच खोलीत राहणारा, आदिलाबादचा निघाला. "बहन, घाट में टँकर पलट गया," तो म्हणाला. "भाई अस्पताल में है."

"कितना लगा है?"

तो म्हणाला, "लगा है, बहन."

तशीच निघाले. पांढरकवड्याच्या एसटीत बसून मी स्वतःची समजूत घालत राहिले, पाय मोडला असेल, फार तर हात. घर येईपर्यंत मला ते खरंच वाटायला लागलं होतं, आणि मायला मी तेच सांगितलं. "पाय मोडला म्हणते त्याचा. प्लास्टर केलं." मायनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि ती चुलीपुढे जाऊन बसली.

खरं काय ते आदिलाबादच्या भावानं थोडं थोडं करून सांगितलं. पहिल्या दिवशी डावा पाय चिरडला एवढंच. दुसऱ्या दिवशी बरगड्या. मग कळलं, डोक्यात रक्त साकळलं होतं आणि कवटी उघडून काढलं. शुद्ध नाही, श्वास मशीनवर. तोही बिचारा माझ्यासारखाच करत होता.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. गोठ्याच्या मागच्या भिंतीपाशी तेवढी असते. वहिनीनं तिथं बाज टाकली, चार्जिंगसाठी घरातून बोर्ड ओढून आणला, आणि आमचं बसणं-उठणं तिकडेच सुरू झालं. दुपारी तिकडे भेटीची वेळ असायची. आदिलाबादचा भाऊ ड्युटी बदलून जायचा आणि बाहेर आला की फोन करायचा. त्या एका फोनसाठी आम्ही अख्खा दिवस त्या भिंतीला पाठ लावून बसायचो. पोरगी बाजेखाली खेळायची. कोणी जोरात बोललं तर वहिनी हातानंच गप्प करायची, जसं काही आवाजानं रेंज जाईल.

बाबा तेवढे तिथं बसत नसत. फोनची वेळ झाली की उठून बैलांकडे जायचे. बोलणं संपलं की लांबूनच विचारायचे, "सास चालू हाय का?"

"हाय, बाबा."

मग ते पुन्हा बैलांच्या अंगावरून हात फिरवायला लागायचे. दुसरं काही त्यांनी कधी विचारलं नाही.

एक दिवस तिथल्या नर्सनं आत मोबाईल न्यायची परवानगी दिली. ती केरळची होती. आधी मी एकटीच व्हिडिओ पाहणार होते, पण माय मागे येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही. पडद्यावर एक सुजलेलं, काळंनिळं डोकं होतं. केस काढलेले, तोंडात नळी, डोळे सुजेत बुडालेले.

"हा आपला नाही," माय म्हणाली.

मी मोबाईल तिच्या डोळ्यांजवळ धरला.

"आपला नाही हा. दुसऱ्या कोणाच्या पोराले पाहून राह्यले हे लोक. विचार त्याले, नाव तरी बरोबर लिहिलं का?" तिच्या आवाजात एकदम जीव आला होता. वहिनीही उठून आली. मला कळत होतं की ही आशा वाईट आहे, तरी ती माझ्यातही शिरली. कॅम्पमध्ये एवढे ड्रायव्हर. रात्रीची वेळ, उलटलेला टँकर. झाली असेल चूक.

माय म्हणाली, "पाय दाखव म्हणा."

"डावा बांधलेला आहे, माय."

"उजवा दाखव म्हणा."

आदिलाबादच्या भावानं मोबाईल खाली नेला. नर्सनं चादर सरकवली. उजव्या पायाचा अंगठा मुळापासून आत वळलेला होता. लहानपणी बैलबंडीचं चाक गेलं होतं त्यावरून, आणि मायनंच हळद भरून तो बांधला होता. तो वाकडाच बसला.

मायनं पडद्याला बोट लावलं. बोट लागताच फोन कट झाला. ती तशीच खाली बसली आणि मातीवर हात आपटायला लागली. त्या दिवशी बाबांनी लांबूनही काही विचारलं नाही.

त्याच्याजवळ कोणी तरी आपलं असावं, असं सगळ्यांना वाटत होतं. पण पासपोर्ट कोणाकडेच नव्हता. वहिनी माझ्या नवऱ्याबरोबर नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसात जाऊन आली. तिच्या आधारवर माहेरचं आडनाव होतं, ते आधी बदला म्हणाले. कंपनीच्या ऑफिसात फोन केला की गाणं वाजायचं आणि मध्येच कट व्हायचा. मी इंग्रजीत बोलले, हिंदीत बोलले, एकदा नुसतीच रडले. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, वी आर विथ यू." ते कुठे होते, कोणाबरोबर होते, देव जाणे.

गावातली माणसं यायची. चांगल्या मनानं यायची, पण बसली की कोणाचा तरी असाच अपघात सांगायची, आणि त्यातला माणूस शेवटी मेलेला असायचा.

मग तो दिवस आला, ज्या दिवशी फोन आलाच नाही. मी लावला तर बंद. संध्याकाळपर्यंत बंद, दुसऱ्या सकाळीही बंद. वहिनी भिंतीपासून उकिरड्यापर्यंत आणि परत अशा येरझाऱ्या घालत होती. दुपारच्या सुमारास गल्लीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन अंगणात आल्या. आमची एक चुलत काकू पुढे झाली आणि मायच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली.

यांना कळलं आणि आम्हाला नाही?

गावातल्या कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दादाचा फोटो ठेवला होता. हार घातलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोन लागत नाही एवढं कुठून तरी ऐकलं आणि बाकीचं त्यानं स्वतःच ठरवलं. एकाचं पाहून दुसऱ्यानं ठेवला. तासाभरात गावभर झालं.

वहिनी गोठ्यामागून आली. तिनं एकीच्या हातातला मोबाईल घेऊन तो फोटो पाहिला. लग्नातला फोटो होता, तिचा भाग कापून काढलेला. तिनं मोबाईल परत दिला.

"उठा," ती म्हणाली. "काही झालं नाही अजून. उठा म्हणते ना. माह्या अंगणात रडाचं नाही."

"पोरी, असं नोको करू," काकू म्हणाली.

"काकू, तुमच्या पाया पडते. उठा."

बाया उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला होता. माझ्या मनात तो गेला होता, आणि शरमेची गोष्ट म्हणजे थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं.

फोन तिसऱ्या प्रहरी आला. आदिलाबादच्या भावाचा मोबाईल बिघडला होता, दुसऱ्याचा मागून लावला होता. "है, बहन, है," तो म्हणाला. "लेकिन सिस्टर बात करेगी."

नर्सची हिंदी माझ्या इंग्रजीसारखी होती, अडखळत. "पैर में जहर फैलता है. फीवर बहुत. डॉक्टर बोलता है काटना है, घुटना के ऊपर. वाइफ का हाँ चाहिए. जल्दी."

मी फोन हातानं झाकून सांगितलं. पहिल्यांदाच बाबा बैलांपासून चालत भिंतीजवळ आले.

"नाही म्हणा," ते म्हणाले. "एका पायाचा माणूस काय करन? टँकर चालवन का वखर धरन? दुसऱ्या डॉक्टरले दाखवा म्हणा."

"मामाजी, दुसरा डॉक्टर कुठून आणू?" वहिनी म्हणाली. सासऱ्याशी ती कधी मान वर करून बोलली नव्हती. "मले तठी जाता येत नाही. मले कोणी विचारत नाही, आज विचारून राह्यले. मले अख्खाच माणूस पाहिजे, असं म्या कवा म्हटलं?"

वहिनीनं माझ्या हातातून फोन घेतला. तिला हिंदी येत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

"सिस्टर, काट दो," ती म्हणाली. "लेकिन आदमी जिंदा भेजना."

फोन मला देऊन ती भिंतीआड गेली आणि ओकली. मी तिची पाठ धरून उभी राहिले.

पाय गेला. ताप उतरला. बऱ्याच दिवसांनी नळी निघाली, आणि एका दुपारी नर्सनं स्वतः फोन करून सांगितलं, "आँख खोला." मायनं केळापूरच्या देवीला साडीचोळी नेली. आम्हाला वाटलं, आता सुटलो.

उन्हाळा लागताना त्याला हैदराबादला आणलं. वहिनी आणि मी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन गेलो होतो. विमानतळाच्या दारातून चाकाच्या खुर्चीत तो बाहेर आला तेव्हा अर्धा झाला होता. वहिनी पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्ते, मॅडम."

वहिनी हसली. दादाला थट्टेची सवयच होती. मग तो माझ्याकडे वळला आणि मलाही तसाच नमस्कार केला. वहिनीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, तिला ते काढता येईना. आदिलाबाद ओलांडेपर्यंत तो ड्रायव्हरला विचारत होता, "कॅम्प कितना दूर है, भाई?"

दादा आता घरी आहे. आपण बोललेलं त्याला कळतं, पण उत्तर हिंदीतच देतो, परक्याला देतात तसं, अदबीनं. मायला अम्मा म्हणतो. पोरगी त्याच्या खोलीत जात नाही. यवतमाळचे डॉक्टर म्हणतात, ओळख परत येईल हळूहळू, नाहीही येणार, सांगता येत नाही.

माय माझ्याकडून हिंदी शिकते. "'दुखते का' ले काय म्हणते वो?" असं विचारते आणि घोकत त्याच्याकडे जाते. वहिनीला ते सहन होत नाही. ती त्याच्याशी हिंदीचा एक शब्द बोलत नाही. मला म्हणाली, "हिंदीत बोलली, तर मी मॅडमच राहीन जन्मभर."

परवा रविवारी मी गेले होते. वहिनी दारात तूर पाखडत होती. आतून दादाची हाक आली.

"पानी."

तो नेहमी 'मॅडम, थोडा पानी देना' म्हणतो. या वेळी नुसतं 'पानी' म्हणाला. आमच्याकडेही पाण्याला पानीच म्हणतात. तो कोणत्या भाषेत बोलला ते मला कळलं नाही. वहिनीनं सूप खाली ठेवलं आणि काही विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? ती उठली आणि गडवा भरून आत गेली.