शेपटीवरचे पट्टे

साप दिसला की सगळं जग त्याच्या तोंडाकडे बघतं. शेपटीकडे बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. ॲरिझोनातल्या चँडलरच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात त्यांनी नोकरीभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बारीकसारीक दोष शोधले, आणि रिटायर झाल्यावर टुसॉनच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता संपून निवडुंगच सुरू होतात तिथे घर घेऊन, तीच नजर शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी रॅटलस्नेककडे वळवली. तिथल्या वाळवंटात डायमंडबॅक आणि मोहावी हे दोन रॅटलस्नेक जुळ्या भावांसारखे दिसतात. मोहावी जास्त जहाल. शहाणी माणसं दोघांनाही बघून पळतात. मामांना हा अन्याय वाटे. "अहो जावईबापू, सोपं आहे," मला आमटी वाढता वाढता ते सांगत, "शेपटीवरचे काळे-पांढरे पट्टे सारखे असले की डायमंडबॅक, पांढरे रुंद असले की मोहावी. शिवाय डोळ्यामागची पांढरी रेघ बघायची. ओठाला टेकली तर डायमंडबॅक, तोंडाच्या मागून निघून गेली तर मोहावी." हे सगळं किती अंतरावरून बघायचं, असं विचारलं की ते गळ्यातली दुर्बीण दाखवत. सत्यनारायणाच्या पूजेलाही ती त्यांच्या गळ्यात असे, उपरण्याखाली.

एकदा त्यांच्या बॅकयार्डात मराठी मंडळाची पिकनिक चालू असताना शेगडीमागून खुळखुळा वाजला. मुलं, काकू, कणसांची परात, सगळं टेबलांवर चढलं. नागपूरहून नव्याने आलेला एक आयटीवाला ओरडला, "काका, नाइन वन वनला कॉल करा ना यार!" "करतो," खुर्चीवर उभे राहून दुर्बीण फिरवत मामा म्हणाले, "पण कोणता साप आला म्हणून सांगू?" फायर ब्रिगेडच्या माणसाने लांब चिमट्याने साप बादलीत घालून झाकण लावलं, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मामा हळहळले. शेपटी बघायची राहिली होती. त्यांनी त्याला झाकण उघडायला सांगितलं, तेव्हा मात्र मामींनी मागून त्यांचा सदरा धरला.

नागपंचमीला मामी पाटावर फणा काढलेला नाग रेखाटत आणि मामा शेजारी बसून हरकत घेत. "ॲरिझोनात नाग नाहीच. घरच्याला सोडून परक्याची पूजा करतेस!" एका वर्षी वैतागून मामींनी रॅटलस्नेक काढला, त्याला हळद-कुंकू, लाह्या वाहिल्या, आरती सुरू केली, आणि मामांनी ती मध्येच थांबवली. "पट्टे सारखे झाले. हा डायमंडबॅक झाला." "अहो, पावला म्हणजे झालं!" मामी कडाडल्या. पण तांदळाच्या पिठीने पांढरे पट्टे रुंद होईपर्यंत मामांनी दिंडांना हात लावला नाही.

कारण मोहावीवर त्यांचा जीव होता, आणि एवढ्या वर्षांत तो त्यांना एकदाही दिसला नव्हता. दिसेल तो डायमंडबॅक निघे. मग मामांची बायपास झाली आणि दुसऱ्या राज्यात, शुगर लँडला राहणाऱ्या डॉक्टर लेकीने हुकूम काढला, "बाबा, इनफ! यू आर मूव्हिंग इन विथ अस." घर विकलं. मामी खूश. "तिकडे डास भरपूर आहेत, त्यांचे पट्टे बघत बसा," त्या म्हणाल्या. मामा हसले नाहीत. जाण्याआधी एक मोहावी दिसावा, एवढंच ते म्हणत, आणि रोज सकाळी दुर्बीण घेऊन बाहेर पडत.

निघायच्या सकाळी मी दोघांना एअरपोर्टला सोडत होतो. घराजवळच्या कच्च्या रस्त्यावर एक साप ऊन खात आडवा पडला होता. मी गाडी अलीकडेच थांबवली. शेपटी अगदी उघड्यावर होती, आणि पांढरे पट्टे एवढे रुंद की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळले. मामांनी दुर्बीण लावली. साप सावकाश सरपटत झुडपात गेला तरी ती डोळ्यांवरून उतरेना. मग काचा पुसत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "नाही हो, शेपटी नीट दिसली नाही. नक्की सांगता येत नाही. एकदा परत यावं लागेल."

शेपटीच्या बाबतीत मामांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी गाडी सुरू केली. मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "येऊ की. थंडी संपली की मार्चमध्ये बाहेर पडतात ना ते साप? तेव्हाच येऊ."