शेजारच्या काउंटरचा अनुभव

आमच्या टेबलावरचे किस्से म्हणजे माझ्या ओट्यावर साठलेले दुसऱ्यांचे डबे. परत करायचे म्हणून घासून ठेवलेले, आणि रिकामे कसे परत करायचे म्हणून तसेच राहिलेले! शेवटी ठरवलं, आज सगळे भरून देऊन टाकायचे.

टेबल सिंगापूरमधल्या नोव्हेनाच्या एका फूडकोर्टातलं, टीव्हीखालचं. बसणारे तिघे, एकाच क्लिनिकमधले. जोगळेकर काका अकाउंट्सला. मूळचे पुण्याचे, आता इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, आणि मत विचारायच्या आधीच देणारे. वैशालीताई फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि जेवताना आमची फिरकी घेते. आणि मी, अपॉइंटमेंट काउंटरवरची मुग्धा. मागून कुणी हळूच "एक्स्क्यूज मी" म्हटलं तरी दचकते.

* * *

साल दोन हजार आठ. टीव्हीवर अमेरिकेची निवडणूक. एका सीमेवरच्या राज्याच्या गव्हर्नरबाई उपाध्यक्षपदाला उभ्या होत्या, आणि त्यांच्या बाजूचं कुणीतरी तावातावाने सांगत होतं, की राज्याला परदेशाची हद्द लागते, म्हणजे बाईंना परराष्ट्र धोरणाचा अनुभव आहेच.

जोगळेकर काकांनी चमचा खाली ठेवला.

"माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये डेंटिस्ट राहतो. बारा वर्षं भिंतीला भिंत आहे. वैशाली, आ कर, तुझी दाढ काढतो!"

वैशालीताई इतकी हसली की तिला ठसका लागला. माझा मात्र हातातला चमचा सूपमध्ये पडला. कारण त्याच सकाळी मी एक फॉर्म भरून दिला होता.

* * *

आमच्याकडे परदेशी पेशंटसाठी वेगळा डेस्क आहे. तिथली लीना लग्न करून जकार्ताला निघाली होती, तिची जागा भरायची होती. अट एकच: परदेशी पेशंटशी व्यवहाराचा दोन वर्षांचा अनुभव. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, घ्यायचीच होती. दोन वर्षं "नेक्स्ट प्लीज" म्हणून म्हणून मला घरीसुद्धा पोळी वाढताना "नेक्स्ट प्लीज" म्हणावंसं वाटायला लागलं होतं.

तर अनुभवाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: दोन वर्षं, अ‍ॅडजेसंट काउंटर. टेबलावर ते सांगून टाकलं.

"म्हणजे शेजारी बसलीस, एवढंच ना?" काका म्हणाले.

"लीना चहाला गेली की तिचे पेशंट माझ्याकडेच येतात, काका!"

"उदाहरण सांग."

उदाहरण आठवलं ते नेमकं पहिल्याच दिवसाचं. एका इंडोनेशियन आजोबांनी काउंटरवर हात ठेवला, मी दचकले आणि स्टेपलरने स्वतःची ओढणी फाइलला टाचून घेतली. आजोबांनी ती सोडवून दिली, मग विचारलं, टॉयलेट कुठे आहे.

"हा अनुभव धरायचा का?" वैशालीताईने विचारलं.

"धरा की," काका म्हणाले. "खातं तेवढं नीट लिहा."

ताई हळूच म्हणाली, "अगं, फॉर्म परत मागून ते 'अ‍ॅडजेसंट' खोडून टाक. कोण बघतंय?"

"नाही खोडणार," मी म्हटलं.

* * *

सीमेपाशी राहून काही कळत नाही, हे काकांचं मत. पण सीमा ओलांडण्यातले आपण तज्ज्ञ, हेही त्यांचंच. "पूल ओलांडून मलेशियात, जोहोरला मी पंधरा वर्षं जातोय. बसा गाडीत, दाखवतो."

एका शनिवारी आम्ही दोघी बसलो. वाटेत काकांनी कुठली रांग पटकन सरकते, पासपोर्ट कसा धरायचा, ऑफिसरकडे किती हसायचं, सगळं शिकवलं. चेकपॉइंटवरच्या ऑफिसरने पासपोर्ट बघितलाच नाही. पेट्रोलचा काटा बघितला. सिंगापूरची गाडी बाहेर न्यायची तर टाकी पाऊण भरलेली लागते. आमची अर्धी!

"अंकल, फर्स्ट टाइम आ?" ऑफिसरने प्रेमाने विचारलं.

काकांनी गाडी वळवली. चोआ चू कांगला, माझ्या घरापाशी, मी उतरताना ताई म्हणाली, "काका, पंधरा वर्षांचा अनुभव पाऊण टाकीत मावला नाही वाटतं!"

* * *

मग माझे सासरे आले, महिनाभर राहायला. अण्णा म्हणजे तीन वेळा सरपंच. गाव कर्नाटकच्या हद्दीवर; मध्ये फक्त ओढा. मी त्यांना इतकी घाबरायचे की आमचा सगळा संवाद दोन शब्दांचा: "अण्णा, चहा." तोही दाराआडून.

एकदा माझा नवरा निखिल त्यांना आमच्या टेबलावर सोडून गेला. काकांनी मुद्दाम तो अमेरिकेचा प्रश्न काढला. अण्णांना तो वैयक्तिक वाटला.

"अनुभव न्हाई म्हंता? आमची म्हैस ओढा ओलांडून पल्याड गेली की तिकडं कागद कन्नडात. इकडचा तलाठी म्हणतो, माझ्या हद्दीत न्हाई. तिकडचा म्हणतो, म्हैस तुमची, पण पाय आमच्या रानात!"

"मग काय करायचात?" काकांनी विचारलं.

"कागद करायचाच न्हाई. चंची घ्यायची, पल्याडच्या सरपंचाच्या सोप्यात जाऊन बसायचं. म्हशीचं नावच काढायचं न्हाई. परराष्ट्र धोरण म्हंजे काय वो? पुढच्यानं जेवायला वाढल्याबिगर उठायचं न्हाई. जेवायला वाढलं की म्हैस आपली."

काकांनी आपली ताटली अण्णांपुढे सरकवली! मी हे पहिल्यांदाच बघत होते.

मग अण्णा उठले, आणि गुडघा धरून परत बसले. तो गुडघा ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. एक्स-रे काढा म्हणून निखिलने सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. "मशिनीपुढं उभं राह्याला मी काय आरोपी हाय?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. आमच्या क्लिनिकमध्येही मशीनपाशी गेले नाहीत. लीनाच्या डेस्कवरची मूठभर कार्डं मात्र गावात वाटायला घेऊन गेले.

* * *

मुलाखत घेणार मिसेस टॅन. त्यांना अख्खं क्लिनिक घाबरतं. घाबरत नाहीत ते एकटे त्यांचे सासरे. वैशालीताईकडे उपचारासाठी त्यांना तीनदा आणलं, तिन्ही वेळा ते टॅक्सीतून उतरलेच नाहीत.

तालीम पुंगोलला, वैशालीताईच्या घरी. मिसेस टॅन झाली तिची पाच वर्षांची ईरा. तिने खेळण्यातला फोन वाजवला आणि मी सोफ्यावरून उडाले.

"मुग्धामावशी, फोन ओन्ली लाह!"

"परत वाजव," मी म्हटलं.

ईराने वाजवला. मी उडाले. परत वाजव. परत उडाले. ताई म्हणाली, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही. शेवटी ईरा कंटाळून झोपली, तेव्हा मी तोच फोन स्वतः वाजवत बसले. नंतर नंतर नुसती पापणी हलायची.

* * *

मुलाखत साडेबाराला होती. मिसेस टॅननी माझ्या फॉर्मवर पेन टेकवलं.

"अ‍ॅडजेसंट काउंटर. व्हॉट इज धिस, आ?"

मी खरं ते सांगितलं. शेजारी बसते. लीना नसली की तिचे पेशंट बघते. माझा स्वतःचा असा परदेशी पेशंट एकही नाही.

"सो, नो एक्स्पीरियन्स."

तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. लीना रजेवर होती, म्हणून तिची लाइन इकडे वळवलेली होती. मिसेस टॅननी फोन माझ्याकडे सरकवला. "यू टेक."

"हॅलो! फॉरेन खातं का?"

अण्णा! गावाहून, कार्डावरच्या नंबरावर. मी उठून उभी राहिले. दचकून नव्हे, सवयीने.

"अण्णा, मी मुग्धा बोलतेय."

"तू व्हय? बरं झालं. तुझ्या डाक्टरला इचार, गुडघा न दाखवता गोळी मिळंल का?"

आड व्हायला दार म्हणून मागे वळून बघितलं. दार बंद होतं, आणि मी त्याच्या आत होते.

"नाही मिळणार. आज एक्स-रे काढा आणि तो मला पाठवा."

"उद्या बगू."

"आज, अण्णा. तुम्ही निघाल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही."

"फॉरेनचा फोन हाय. बिल चढंल."

"चढू दे. मी बसलेय."

आणि खरंच बसले. मिसेस टॅन माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ फोनमध्ये नुसती खरखर. मग लांबून आवाज आला, "अगं ए, माझी चप्पल कुटं हाय?"

मी फोन ठेवला.

"हू?"

"माय फादर-इन-लॉ."

"ओव्हरसीज?"

"इंडिया. बॉर्डर साइड."

"व्हॉट हॅपन्ड?"

"ही इज गोइंग फॉर हिज एक्स-रे."

"युअर फादर-इन-लॉ," मिसेस टॅन सावकाश म्हणाल्या, "लिसन टू यू?"

"टुडे, येस."

त्यांनी फॉर्म बंद केला, पेनला टोपण लावलं आणि खिडकीतून खाली, टॅक्सी स्टँडकडे बघितलं.

"मंडे स्टार्ट. मॉर्निंग, नाइन ओक्लॉक. बट नॉट अ‍ॅट द काउंटर. यू वेट डाउनस्टेअर्स, बाय द टॅक्सी."